आमच्या मोटारीचा सायलेन्सर

हैदराबादेस आलेला पाहुणा चौमहल्ला राजवाडा पाहावयास गेला, म्हणजे तेथील मोटारींपाशी हमखास रेंगाळतो. १९१२ सालची पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट तेथे उभी आहे. उभ्या आयुष्यात ती फार थोडे मैल चालली. अशा मोटारीची निगा पुसण्याने आणि झाकण्याने होते. मी आज ज्या मोटारीविषयी बोलणार आहे, तिच्या नशिबी एवढे सुख नाही. ती १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी असून दररोज सकाळी मला शाळेत पोचवते, आणि रविवारी माझ्या आईला गनफाउंड्रीच्या चर्चला नेऊन परत काचीगुड्यास आणते.

माझे वडील मूळचे वसईचे. नोकरीच्या निमित्ताने हैदराबादेस आले ते इथलेच झाले. त्या काळी मोटार हवी म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ती वाट पाहून त्यांनी ही गाडी घेतली, आणि जाताना माझ्या हवाली केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या मोटारी होत असत. मूळ घराणे इटलीच्या फियाटचे. १०८९ घन सेंटिमीटरचे एंजिन आणि सुमारे चाळीस अश्वशक्ती, एवढ्या भांडवलावर तिने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशके संसार केला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले. कारखाना तर त्याआधीच, शतक पालटताना, ही गाडी काढण्याचा थांबला होता. तेव्हापासून तिचा कोणताही सुटा भाग बदलायचा म्हटला, की कोणीतरी नमुना पाहून तयार केलेला भाग घ्यावयाचा आणि तो आपल्या हातांनी जुळवून घ्यावयाचा, हाच एक मार्ग उरला आहे.

हे सारे मला ठाऊक होते. तरी तो मार्ग मी धरला, तो हौसेने नव्हे.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब बिदरला निघालो होतो. आई आणि माझी दहा वर्षांची मुलगी मागे, पत्नी शेजारी. थंडीचे दिवस म्हणून मागच्या काचा अगदी वर चढविलेल्या. मला मात्र कोपर बाहेर ठेवून गाडी हाकण्याची जुनी खोड, तेव्हा माझ्या बाजूची काच खाली होती. संगारेड्डी मागे पडले तोवर मुलीची बडबड थांबली होती. सदाशिवपेटच्या पुढे आई पेंगू लागली. 'गाडी लागली असेल,' असे आम्ही म्हणालो आणि पत्नीने आवळासुपारीची डबी मागे दिली. जहीराबादेस चहाला उतरलो. अर्धा तास मोकळ्या हवेत बसल्यावर दोघींना हुशारी आली. पुन्हा निघालो, आणि वीस मिनिटांच्या आत मुलगी म्हणाली, "बाबा, माझं डोकं परत दुखतंय."

हा 'परत' शब्द माझ्या कानांत राहिला. बिदरला पोचल्यावर महमूद गवानच्या मदरशाच्या पटांगणात ती पुन्हा हरिणासारखी धावू लागली, तेव्हा मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो आणि माझ्या अंगाला थंडीतही घाम फुटला. गाडीत बसले की दुखते, उतरले की थांबते. मागे बसणाऱ्यांना होते, पुढे उघड्या काचेशी बसणाऱ्याला होत नाही. श्रोते हो, मी गेली वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन व विषारी आहे, हे वाक्य मी दरवर्षी खडूने फळ्यावर लिहितो आणि मुलांकडून ते पाठ करून घेतो. घरातील दोन जीव तोच वायू घेत माझ्या पाठीशी बसले होते, आणि मी त्यांना आवळासुपारी देत होतो.

परतीच्या प्रवासाला तिघींना बसने पाठविले. मी एकटा, चारी काचा उघड्या टाकून आणि मफलर गुंडाळून, गाडी घेऊन आलो.

पेट्रोल पुरते जळले म्हणजे त्यापासून कार्बन डायॉक्साइड आणि पाणी होते. अर्धवट जळले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूचे आकर्षण दोनशेहून अधिक पटींनी जास्त. एकदा त्याने जागा धरली, की तो ती सहज सोडत नाही. स्वच्छ हवेत आल्यावरही निम्मा वायू जाण्यास चारपाच तास लागतात. उतरल्यावर आई व मुलगी ताज्यातवान्या दिसत, पण आदला साठा त्यांच्या रक्तात होताच, आणि नवा त्यात भर घालीत होता. लहान मुले श्वास भराभर घेतात, म्हणून त्यांना तो आधी बाधतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले, आणि याच कारणास्तव खाणीत चिमुकले कॅनरी पक्षी नेण्याची शिफारस केली. माणूस कोसळण्याआधी पक्षी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून ते पक्षी १९८६ पर्यंत हटले नव्हते. आमच्या गाडीत कॅनरीचे काम माझ्या मुलीने केले, हे लिहिताना मला फार बरे वाटत नाही.

नव्या मोटारीत हे विष बरेचसे वाटेतच जिरविणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते. आपल्याकडे १९९५ पासून आधी चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले. माझ्या गाडीला ते नाही. एवढ्या जुन्या गाडीच्या धुरात तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड असले, तरी प्रदूषण तपासणीत ती उत्तीर्ण होते. हे तीन टक्के आकाशात विरून गेले तर गोष्ट वेगळी. बंद खोलीत तेवढे साठले तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणजे सायलेन्सर हा केवळ गाडीचा आवाज दाबणारा डबा नव्हे. एंजिनातून निघालेले विष बसणाऱ्यांच्या पायांखालून सुखरूप मागे नेऊन सोडणारी ती एक बंद नळी आहे, आणि आवाजाचे काम ती जाता जाता करते. चाळीस वर्षे गाडीच्या सहवासात काढून मला हे बिदरला कळले.

घरी येताच गाडी घोड्यांवर चढवून खाली शिरलो. सायलेन्सरची शिवण एका बाजूने उलली होती. पुढच्या नळीच्या सांध्याभोवती काजळीचा काळा फुलोरा होता. वायू जेथून गळतो तेथे असा डाग पडतोच. वर डिक्कीतले आच्छादन उचलले, तो पत्र्याला पडलेल्या भोकांतून खालची फरशी दिसली. चालती गाडी आपल्या पाठीमागे हवेचा दाब किंचित कमी करते. तेथे घोटाळणारा धूर फटीफटींतून डिक्कीत, आणि डिक्कीतून मागच्या बैठकीत ओढला जात होता.

सायलेन्सर बाहेरून गंजतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझा आतून गंजला होता, आणि कारण पाणी. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पण तीन किलोमीटरवरील शाळा आणि तेवढ्याच अंतरावरील चर्च, एवढाच ज्या गाडीचा परिघ, तिचा सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतच निवते, धुरातल्या आम्लाशी मिसळते आणि पत्रा कुरतडीत बसते. काटकसरीने, थोडी थोडी, जपून वापरलेली गाडी या बाबतीत उधळपट्टीने पळविलेल्या गाडीहून लवकर झिजते.

आणखी एक कबुली द्यावयास हवी. वर्षापूर्वी एका दुकानात मी याच सायलेन्सरला पत्र्याचे ठिगळ लावून घेतले होते. कारागिराने नवा बसवा असे सुचविले होते. 'एवढ्यावर भागेल' असे मीच म्हणालो, आणि पैसे वाचविल्याच्या आनंदात घरी आलो. दुकानदाराला बोल लावण्याची मला आता सोय नाही.

नवा संच घेण्यासाठी सिकंदराबादेस राणीगंजला गेलो. मोटारीच्या सुट्या भागांची तेथे गल्लीच्या गल्ली आहे. बरोबर भाचा होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून मोटारीच्या आवाजाविषयी त्याची मते ठाम आहेत. दुकानातील वृद्ध गृहस्थांनी मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "आवाज होना की नक्को, साब?" दखनीतील हा 'नक्को' आपल्या मराठीतूनच तिकडे गेलेला आहे, तेव्हा मी तो हक्काने वापरला. भाच्याचे तोंड पडले. "मामा, सरळ नळीचा घ्या ना! गाडी आली हे चौकातून कळलं पाहिजे. शिवाय ताकद वाढते."

ताकदीचा हा समज फार दूरवर पसरलेला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. जुन्या पद्धतीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. ध्वनीच्या लहरी त्यात आपटून, परतून एकमेकींना मारतात. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली याचे पेटंट घेतले. मूळ कल्पना आजही तीच आहे. सरळ नळीत कप्पे नसतात. वायूला अडथळा कमी, हे खरे. परंतु अडथळा कमी केल्याचा लाभ जो व्हायचा तो एंजिन अतिवेगाने फिरत असताना व्हायचा, आणि चाळीस अश्वशक्तीच्या एंजिनाला तो होऊन होऊन किती होणार? उलट नळी गरजेहून रुंद केली, तर वायूची गती मंदावते. वेगाने निघालेला वायूचा एक लोंढा आपल्या मागच्याला ओढून नेतो. ती ओढ मंद गतीला नाहीशी होते, आणि कोटीच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरात कण्हू लागते. भाच्याने हे ऐकून घेतले. पटले असे दिसले नाही.

मग कायद्याची आठवण दिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून गाडी निराळी होईल असा फेरफार करता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२० वा नियम आवाज शक्य तितका दाबणारा सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि ११२ वा सांगतो की धूर खाली किंवा डावीकडे सोडू नये, उजवीकडे वा मागे सोडावा. डावीकडे आपल्या रस्त्यांवर पायी चालणारी माणसे असतात. फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरविल्याची छायाचित्रे अनेक शहरांच्या पोलिसांनी छापून आणली आहेत. त्या छायाचित्रांचा परिणाम माझ्या पदार्थविज्ञानाहून अधिक झाला. राहता राहिली, पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची २०२१ सालची तरतूद. आमची गाडी अजून पन्नाशीला पोचलेली नाही, आणि तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तेव्हा आई चर्चला जाते आहे तोवर ती मला नकोच.

कप्प्यांचा, साध्या पोलादाचा पण जाड पत्र्याचा संच घेतला. पुढची नळी, सायलेन्सर, शेपटीची नळी, नवे गॅसकेट, क्लॅम्प, टांगण्याचे रबर आणि पितळी नट. स्टेनलेसचा संच आयुष्यभर टिकला असता. माझ्या पगाराने तो विषय लौकर संपविला.

बसविण्याचे काम घरी करावयाचे ठरविले, कारण या गाडीला हात लावणारा आमचा म्हातारा मिस्त्री आता नाही, आणि ठिगळाचा धडा ताजा होता. शुक्रवारी रात्री सगळ्या जुन्या नटांवर गंज सोडविणारे तेल सोडले. शनिवारी पहाटे, एंजिन थंडगार असताना, अंगणातील सपाट फरशीवर गाडी जॅकने उचलली, घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे दिले आणि गाडीला खांदा लावून हलवून पाहिली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा मनुष्य मी जवळून पाहिलेला आहे. तो आज एका पायाने लंगडतो. मुलगी बाहेर बसून पाने देत होती. "तेराचा?" "तेराचा." आई जिन्यावर माळ घेऊन बसली होती, आणि दर पाच मिनिटांनी मी जिवंत आहे ना, याची चौकशी करीत होती.

मागून पुढे असे सोडवीत गेलो. शेपटीची नळी आणि सायलेन्सर करवतीने कापूनच काढले. त्यांना वाचविण्यात अर्थ नव्हता. खरी परीक्षा एंजिनाच्या बिडाच्या मॅनिफोल्डशी. पहिले नट तेलाने निमूट आले. शेवटच्या नटाशी मी घाई केली, पाना जोराने ओढला, आणि स्टड कट्कन तुटला. तो आवाज फार मोठा नसतो, पण काळजात जातो. बोटाच्या पेराएवढा तुकडा बाहेर उरला होता, हे नशीब. त्याच्यावर पुन्हा तेल सोडले आणि त्या दिवशीचे काम तेथेच थांबविले. रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर घट्ट धरणाऱ्या पकडीने तो तुकडा चिमटीत धरला. एकदा पुढे केसभर, एकदा मागे केसभर, असा पाऊण तास तो मुरगाळत राहिलो, तेव्हा तो बाहेर आला. नवा स्टड घातला. जुन्या गॅसकेटचे खपले ओले करून, ओले असतानाच खरवडले. त्या काळच्या गॅसकेटांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देणे बरे नव्हे. नवे नट पितळी घेतले, कारण पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही, आणि पुढे हे काम माझ्यानंतर ज्याला करावे लागेल त्याचा स्टड वाचेल.

नवे भाग बसविताना एकही नट आधी आवळायचा नाही, हे मी शिकलो. संपूर्ण नळी पुढून मागपर्यंत सैल टांगायची. एका नळीत दुसरी निदान दोन बोटे शिरली आहे ना, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि गाडीची जमीन यांपासून ती अंतर राखून आहे ना, मागचा आस वर उचलला गेला तर आपटणार नाही ना, हे पाहायचे. आणि मग पुढून मागे एकेक आवळत यायचे. नमुन्यावरून केलेला भाग मुळाशी तंतोतंत जुळत नाही. आमच्या सायलेन्सरची पट्टी टांगण्याच्या जागेहून बोटभर पुढे येत होती. नळी ओढून धरली असती तर बोल्ट बसला असता. भाचा ती ओढून धरायला तयारही होता. पण एंजिन रबरावर बसलेले असते, सुरू होताना ते अंग हलविते, आणि ताणून बांधलेली नळी त्या हलण्याने काही महिन्यांत तडकते. म्हणून पट्टीचे भोक कानशीने लांबविले. अर्धा तास गेला. संध्याकाळी सर्व नट आवळून झाले.

पहिल्यांदा एंजिन सुरू केले तेव्हा गाडीखालून पांढरा धूर निघाला आणि मुलगी ओरडली. नव्या पत्र्यावरचे तेल व रंग जळतो तो. थोड्या वेळाने थांबतो. मग जाड ओले फडके शेपटीच्या तोंडाशी क्षणभर धरले. सांधे धड असतील तर एंजिन गुदमरते. कोठे फट असेल तर तेथून फुसफुस ऐकू येते. पुढच्या क्लॅम्पाशी बारीक फुसफुस होती. तो आणखी आवळला, ती थांबली. गाडी निवल्यावर सगळे नट पुन्हा पाहिले, आणि शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा. दोन्ही वेळा एकदोन सैल निघाले. डिक्कीची भोके पत्रा लावून बुजविली, झाकणाचे रबर नवे घातले. हे काम सायलेन्सरइतकेच महत्त्वाचे होते, आणि ते करताना कोणी पाहावयास थांबले नाही.

यानंतर बाजारात मिळणारे कार्बन मोनॉक्साइड दाखविणारे छोटे यंत्र आणून मागच्या बैठकीवर ठेवले. काचा वर करून, मागे कोणालाही न बसविता, पत्नी आणि मी जहीराबादपर्यंत जाऊन आलो. यंत्रावर शून्य होते. दर दहा मिनिटांनी ती मागे वळून पाही आणि 'शून्य' म्हणे. सदाशिवपेट ओलांडल्यावर तिने सांगणे सोडले आणि रस्त्याकडे पाहू लागली. पुढच्या रविवारी आई मागे बसली. तिला यंत्राचे सांगितले, आकडा दाखविला. तिने तो नीट पाहिला, मान डोलावली, आणि आपल्या बाजूची काच चार बोटे खाली केली. अजून ती तशीच ठेवते.

भाच्याची तक्रार कायम आहे, आणि आता त्यात आईचीही भर पडली आहे. पूर्वी गाडी कोपऱ्यावर वळली की तिला आवाजावरून कळे, आणि मी फाटक उघडेपर्यंत चहाचे आधण चढलेले असे. आता गाडी दारात येऊन उभी राहते तरी तिला पत्ता नसतो. मग मला फाटकाशी हॉर्न वाजवावा लागतो.